आत्याच्या चौकोनातलं टिपण

१९ जानेवारी, रविवार

शेवटी आत्या बोलली.

दोन वर्षं झाली मला हे घराण्याचं झाड करायला घेऊन. बाबा गेले आणि त्यांच्याबरोबर निम्मी नावं गेली, तेव्हा घाबरून सुरुवात केली होती. आता कॉम्प्युटरवर दोनशे चौदा माणसं आहेत. प्रत्येकाचा एक चौकोन, त्यात फोटो, तारखा, नातं, आणि खाली टिपणाची जागा. आत्याच्या चौकोनात एकच अडचण होती. तिचा मुलगा, सर्वेअरदादा, चार वर्षांचा असताना ती अकरा महिने घरात नव्हती. छातीचा आजार, डोंगरावरचं सॅनिटोरियम — हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मला फक्त सॅनिटोरियमचं नाव हवं होतं.

"नाव नाही त्याला," आत्या म्हणाली. "मी तिथे गेलेच नव्हते."

मग सगळं सांगितलं. चहावर साय धरली तरी थांबली नाही. ती एका माणसाबरोबर राहात होती. शिलाई मशिनं दुरुस्त करणारा माणूस. रंगाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. तो आधी तिचं मशीन दुरुस्त करायला घरी यायचा. "मशीन तसं बरं चाललं होतं," आत्या म्हणाली आणि स्वतःच हसली. एकोणऐंशी वर्षांची बाई, पदर तोंडावर धरून हसत होती.

मग आईनं — माझ्या आईनं — तिला एका ओळीचं पत्र टाकलं. मुलानं बोलणं सोडलंय. आत्या दुसऱ्या दिवशी परत. आतोबा दारातच म्हणाले, "तुझी छाती खराब होती. डोंगरावर होतीस. आता बरी आहेस." आत घेतलं. पुढे ते वारेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, टोमणासुद्धा नाही.

"तुझ्याजवळ ठेवते," म्हणाली. "लिहू नकोस. त्याला कळलं तर मी मेलेली बरी."

घरी येऊन टिपणात लिहिलं. कागदावर नाही लिहिलं. टिपण झाडातच असतं पण ते मला आणि माझ्या धाकट्या बहिणीलाच दिसतं. धाकटीनं सगळे फोटो स्कॅन केले म्हणून तिला माझ्याइतकेच हक्क दिलेत. खरं कुठेतरी असावं माणसाचं, एवढंच. नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी?

२५ जानेवारी, शनिवार

लॅबमध्ये सात कवळ्या पुऱ्या केल्या. पॉलिश करताना मनात चौकोनच फिरत होते. मोठ्या काकांच्या लग्नाची तारीख अजून दोन ठिकाणी दोन आहे. दोन्ही तारखा काकूनंच दिल्या आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार

झालं. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. वर दोनच ओळी लिहिल्या — हे आपलं झाड. चुकलं असेल तर सांगा, राहिलं असेल तर रागवा.

दहा मिनिटांत फोन सुरू! एक ठेवेपर्यंत दुसरा. काकू म्हणाली, "अगं, लग्नातल्या फोटोत माझं नाक केवढं आलंय, ते बदल." मग रडायला लागली, कारण तिच्या आजीचा फोटो तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितला. कोण कुठली चुलत बहीण, पंचवीस वर्षांत बोलली नव्हती, ती तास-दीड तास बोलली. मला कुणी इतकं कौतुकानं कधी विचारलं नाही. बिनलग्नाची, दातांच्या लॅबमधली, साच्यात प्लास्टर ओतणारी — आज सगळ्यांना मीच हवी होते.

मधे धाकटीचे तीन मिस्ड कॉल. एकदा उचलला तेव्हा दुसऱ्या लाइनवर काकू होती. म्हटलं, "येतेच आहेस ना जेवायला, तेव्हा बोलू." ती म्हणाली, "ताई, एक मिनिट—" तेवढ्यात कट झाला.

एकला येणार होती, आली तीनला. सगळं गार झालेलं. काम होतं म्हणाली. रविवारी कसलं काम? कोर्टाला सुट्टी असते आणि कोर्टातल्या स्टेनोला नसते? मी बोलून दाखवलं. ती जेवायला बसली. डोळे लाल दिसत होते, स्क्रीनसमोर बसल्यासारखे. मी सगळे फोन सांगितले, एकूण एक. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, त्या टिपणांचं एकदा नीट बघून घेशील?"

"बघितलंय गं सगळं. आज तरी चुका काढू नकोस."

"बरं," म्हणाली. भांडी घासून गेली.

तिला थोडं लागलं असावं. सगळे मलाच फोन करतायत, फोटो तर तिनं स्कॅन केले. तिचं नावही टाकायला हवं होतं लिंकबरोबर. उद्या टाकते.

३ फेब्रुवारी, सोमवार

लॅबमध्ये झाड दाखवलं. सिरॅमिकचे दात करणारा शेजारच्या टेबलावर बसतो, त्यानं चष्मा वर करून बघितलं. "चार पिढ्या, सगळ्यांचे पुढचे दात पुढे," म्हणाला. "यातल्या एकालाही आपल्याकडे पाठवलं नाहीत?" फार हसलो.

धाकटीचं नाव टाकायचं राहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी आत्याचा फोन. आधी वाटलं कुणी गेलं.

"त्याला कळलंय."

सर्वेअरदादा सकाळी तिच्या खोलीत आला आणि टेबलावर पाकिटांचा गठ्ठा ठेवला. एक्स-रेची पाकिटं. आईच्या छातीचा आजार अंगात उतरेल म्हणून तो दर वर्षी स्वतःची छाती तपासून घेतो, पोरांचीही. आत्याला जिना नको म्हणून त्यानं तिसऱ्या मजल्यावरचं चांगलं घर सोडून तळमजला घेतला. ओल येते तिथे. आयुष्यभर जमिनी मोजणारा माणूस, तो आईला म्हणाला, "हे मोज."

आणि मग, "कुठलं सॅनिटोरियम, आई?"

तो पाकिटं तिथेच टाकून गेला. तेव्हापासून घरात आहे पण बोलत नाही. "चार वर्षांचा झालाय परत," आत्या म्हणाली.

"तू कुणाला सांगितलंस?"

"शपथ आत्या, कुणाला नाही."

"मग भिंतीनं सांगितलं का गं?"

तिनं ठेवून दिला. मी झाड उघडलं. आत्याचा चौकोन, टिपण, टिपणाशेजारी कुलपाचं छोटं चित्र. आजवर लक्ष गेलं नव्हतं पण आहे. त्यावर बोट ठेवलं की येतं — फक्त संपादकांना दिसेल. संपादक दोन. मी आणि धाकटी.

झाड बंद करून पुन्हा उघडलं. संपादक दोनच.

१० फेब्रुवारी, सोमवार

लॅबमधून सरळ धाकटीकडे गेले. ती इस्त्री करत होती. कोर्टाचे पांढरे शर्ट, एकावर एक. मी चप्पलही काढली नाही.

म्हटलं, "सर्वेअरदादाला आत्याचं कळलंय."

तिनं इस्त्री उभी केली. चेहरा एकदम उतरला. आश्चर्य नव्हतं त्यात. मी नीट बघत होते — आश्चर्य अजिबात नव्हतं. "कधी?" एवढंच म्हणाली.

"म्हणजे तुला आत्याचं माहीत होतं."

"टिपण वाचलं होतं."

"ते कुलपात आहे. किल्ल्या दोन. मी सांगितलं नाही."

तिनं हातातला शर्ट घडी करून ठेवला. मग म्हणाली, "तू मला विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय."

"मग झालं की."

मी काय काय बोलले सगळं आठवत नाही. हे आठवतं — दिवसभर लोकांची गुपितं टाइप करतेस, घरातलं एक बाहेर नेलंस तर तुला काय त्याचं! तिनं प्लग काढला. वायर गुंडाळली, सावकाश, वेटोळं नीट बसेपर्यंत. म्हणाली, "ताई, घरी जा. उद्या शांतपणे झाड परत उघड आणि बघ."

मला उद्यावर ढकलत होती. चोर तो चोर, वर शिरजोर.

घरी येऊन झाड उघडलं. तिचे हक्क काढले. एक टिचकी, बस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रुपवर लिहिलं. तीनदा खोडून लिहिलं. शेवटी हे गेलं — "झाडातली खाजगी टिपणं फक्त दोघींना दिसत होती. त्यातली एक गोष्ट बाहेर गेली आणि एका घराची शांतता गेली. मी सांगितलेलं नाही. उरलं कोण, ज्याचं त्यानं ओळखावं."

काय गोष्ट ते लिहिलं नाही. आत्याला जपलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीनं ग्रुप सोडला.

१६ फेब्रुवारी, रविवार

काकू दोन तास बसून गेली. म्हणाली, "मला ती आधीपासून आतल्या गाठीची वाटायची. तू भोळी." गोष्ट काय ते काढून घ्यायला आली होती. मी सांगितलं नाही. पण ती गेल्यावर घर रिकामं वाटलं नाही, हेही खरं.

भोळी आहेच मी. आई गेली तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिची फी, तिचं टायपिंग, तिचं लग्न, ते मोडल्यावर वर्षभर माझ्याच खोलीत तिची खाट. रात्री दिवा चालू लागतो तिला, म्हणून मी वर्षभर डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपले. कधी बोलले नाही. तेवीस वर्षांची असताना माझं जे जुळत आलं होतं, ते घरी कुणी सांगितलं होतं? तेव्हा वाटलं शेजारच्यांनी. आता वाटतं, हिनं. सतरा वर्षांची होती, सगळं ऐकत असायची.

पुरावा नाही. पण हे आत्ताचं तरी कुठे लक्षात आलं असतं?

२३ फेब्रुवारी, रविवार

आत्याकडे गेले. दार तिनंच उघडलं, आत ये म्हणाली, पण पूर्वीसारखा हात धरला नाही. सर्वेअरदादा बाहेर गेलेला. वहिनी स्वयंपाकघरात, मुद्दाम भांडी वाजवत.

मी सांगितलं की धाकटीनं केलं. आत्यानं ऐकून घेतलं. "ती आली होती गुरुवारी," म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं तेल घेऊन. मी दार उघडलं नाही. काचेतून दिसत होती. बराच वेळ उभी होती. मग बाटली उंबऱ्यावर ठेवून गेली."

मला बरं वाटलं. लिहून ठेवते. बरं वाटलं.

निघताना आत्या म्हणाली, "पण तू लिहिलंस का? मी नको म्हटलं होतं ना."

म्हटलं, "कुलपात लिहिलं होतं, आत्या."

"कुलूप होतं म्हणतेस," ती म्हणाली आणि दार लावलं.

१ मार्च, शनिवार

कवळीत दोन दात उलटसुलट बसवले. डावा उजवीकडे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी ती फक्त माझ्या टेबलावर परत आणून ठेवली. वितळवून पुन्हा केली.

८ मार्च, शनिवार

आज बावन्न पूर्ण झाली. ग्रुपवर सदुसष्ट शुभेच्छा. झाडामुळे सगळ्यांना तारीख कळते आता.

धाकटीचा फोन नाही.

१५ मार्च, शनिवार

बाजारात लांबून दिसली. पालेभाजीवालीशी बोलत होती. बारीक झालीये. मी फळांच्या गाडीमागे थांबले, ती जाईपर्यंत. मी का लपावं? मी काय केलंय?

घरी येऊन झाडात तिचा चौकोन उघडला. काढून टाकायचा विचार होता. 'या व्यक्तीला काढल्यास तिच्याशी जोडलेली सर्व नाती जातील, खात्री आहे का?' असं विचारतं ते. बंद करून टाकलं. मशीनला काय कळतंय.

२२ मार्च, शनिवार

आत्यानं बोलावलं. गेले तर सर्वेअरदादा घरी. दोघं एका टेबलाशी, मधे चहा. बोलत होते! फार नाही, 'साखर दे' इतपत. पण बोलत होते.

आत्या म्हणाली, "परवा आम्ही दोघं गच्चीवर गेलो. जिन्यानं. चार मजले. हा मागे उभा, मी पडले तर धरायला. मी पडले नाही. इतकी वर्षं फुकट तळमजल्यावर बसवलं मला."

दादा हसला नाही पण त्याच्या तोंडाच्या कडा हलल्या. मग मला सोडायला फाटकापर्यंत आला. कधी येत नाही.

म्हणाला, "त्या माणसाचं मला काही नाही. मेला असेल आता. मला राग त्या एक्स-रेंचा आला. पोरांना दर वर्षी न्यायचो, रडायची ती. आईनं एकदा तरी म्हणायचं होतं, नको नेऊ."

म्हटलं, "दादा, धाकटीनं तुला हे सांगायला नको होतं."

तो थांबला. "कुणी?"

"धाकटीनं."

"मला कुणी सांगितलं नाही. तू लिंक टाकलीस, मी उघडली. पहिल्यांदा आईचाच चौकोन उघडणार ना माणूस? खाली लिहिलेलं होतं सगळं. रंगाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या वगैरे. वाचलं आणि बाहेर जाऊन बसलो. तासाभरानं हिला दाखवायला बोलावलं तर टिपण गायब. मला वाटलं तुला चूक कळली आणि तू काढलंस. म्हणून तुला कधी बोललो नाही. चूक होते माणसाकडून."

"ग्रुपवर मी लिहिलं ते वाचलं नाहीस?"

"वाचलं. मला वाटलं दुसरंच काही. तुम्हा बहिणींचं."

खोटं बोलतोय. धाकटीला वाचवतोय. ती गेली असणार त्याच्याकडे, रडली असणार. चांगला आहे तो, विरघळला. रस्ताभर हेच म्हणत आले. चावी लावताना कुलूप दोनदा चुकलं.

टिपण गायब झालं असं तो म्हणाला. मी काढलं नाही. ते आजही तिथेच आहे, मला दिसतं.

२३ मार्च, रविवार

झाडात 'बदल' नावाचं एक पान आहे. कुणी, कधी, काय केलं त्याची यादी. दोन वर्षांत उघडलं नव्हतं. आज सकाळी उघडलं.

२ फेब्रुवारी. ११:०५ — मी. लिंक, सर्वांना, टिपणांसह.

११:३१ — धाकटी. आत्याच्या टिपणाला कुलूप. ११:३५ — धाकटी. काकूच्या. मग मोठ्या काकांच्या, आईच्या, बाबांच्या. एकेक करून, एकोणचाळीस. शेवटचं २:२०ला.

११:३१च्या आधी एकाही टिपणाला कुलूप नव्हतं.

फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिनं उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बोला."